खंडेनवमीची मोजणी

माझ्या उजव्या भुवईत एक खाच आहे. तिथे केस उगवत नाहीत. ती बापाने दिलेली. तो मिरकरवाड्याच्या बंदरावर मासेमारीच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याचा एक पाना मी सायकलीसाठी न विचारता नेला आणि वर सड्यावरच्या कातळात कुठेतरी हरवून आलो. त्याने काही विचारलं नाही. हातात होता तो दुसरा पाना फेकला. नेम चांगला होता. लोक म्हणतात मी बापावर गेलोय. चेहऱ्याने नाही, हाताने.

तो हात घेऊन मी हेलिकॉप्टरं दुरुस्त करायला लागलो. आमच्या धंद्याबद्दल लोकांच्या भारी कल्पना असतात. पांढरे हातमोजे, एसी, इंग्रजीत हळू आवाजात बोलणं. या एकदा आमच्या हँगरमध्ये. रत्नागिरीच्या सड्यावर ऑक्टोबरमध्ये पत्र्याखाली उभं राहिलं की डोक्यातलं तेल पातळ होऊन कानावर येतं. खारा वारा रोज काहीतरी खातो, आज बोल्ट, उद्या तार. एकदा हायड्रॉलिकची नळी फुटून माझ्या छातीवर असा फटका बसला की तीन दिवस मला उजव्या कुशीवर झोपता आलं नाही. एकदा घार पात्यात आली. तिचं जे काय उरलं ते मी चमच्याने खरवडून काढलं, आणि वर त्याचा फोटो काढून मुंबईच्या ऑफिसला पाठवला, कारण नियम तसा आहे. फिरतं पातं दिसत नाही. त्यामुळे या धंद्यात माणसं एकमेकांवर ओरडतात, ढकलतात, कॉलर धरून मागे खेचतात, आणि नंतर त्याच माणसाबरोबर चहा पितात. मी त्यात मजेत होतो. माझ्यासारख्याला याहून सोयीचं काम मिळालं नसतं.

कंपनी छोटी होती. दोन हेलिकॉप्टरं, मुंबईत ऑफिस, इथे सड्यावर भाड्याचं हँगर. लायसन्स माझ्याकडे, म्हणजे ‘हे यंत्र उडायला योग्य आहे’ या वाक्याखाली सही माझी. माझ्या सहीशिवाय पायलट दार लावत नाही. ती सही मी फार मिरवायचो.

सहीआधी एक काम असतं, ते म्हणजे हत्यारं मोजणं. हँगरच्या भिंतीवर एक मोठी फळी होती. प्रत्येकाच्या पेटीतली हत्यारं पेटीच्या रंगाची पट्टी मारून तिच्यावरच टांगलेली. तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार काळ्या रंगाने काढलेला. पाना काढला की मागे त्याची काळी सावली दिसते. पाना कोणी नेला हे कळावं म्हणून नेणाऱ्याने त्या सावलीवर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा. संध्याकाळी फळीवर एक जरी सावली उघडी असली, तरी हेलिकॉप्टर जागचं हलत नाही. कारण तो पाना आत राहिलेला असू शकतो, आणि आत राहिलेला पाना हवेत गेल्यावर कुठे जाऊन बसेल ते देवालाही सांगता येत नाही.

देवाचं खातं आमच्याकडे बुवाकडे होतं. बुवा देवरूखकडचा, देवळाची सेवा करणाऱ्या घरातला. गावात भजनाला तोच उभा राहायचा, म्हणून बुवा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. लायसन्स नाही, पण इंजिनाला कान लावून दुखणं सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. त्याला एकच खोड होती, तो मोजायचा. वॉशर मोजायचा, पावट्याच्या शेंगा सोलताना दाणे मोजायचा. आम्ही त्याची फार थट्टा करायचो. ‘बुवा, रात्री बायकोच्या बांगड्या मोजता काय ओ?’ तो हसायचा आणि म्हणायचा, ‘मोजतंय ना. म्हनून तर हायत सगळ्या.’

दर वर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा तोच मांडायचा. आदल्या संध्याकाळी फळीवरची सगळी हत्यारं उतरवायची, रॉकेलने धुवायची, पुसायची. सकाळी लाल कपड्यावर मांडून हळदकुंकू, वर झेंडूचा ढीग, पुढे नारळ आणि कलश. मग बुवा गाऱ्हाणं घालायचा. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सूर लावायचा आणि वाक्यावाक्याला आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ओरडायचो. त्याचं एक मागणं ठरलेलं असायचं. ह्या हत्यारांनी बांधलेलं सुटू नये, आन् ही हत्यारं आत ऱ्हाऊ नयेत. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातलं एकही हत्यार उचलायचं नाही. तो दिवस हत्यारांच्या विश्रांतीचा. इतकी वर्षं त्या दिवशी काम आलंही नव्हतं.

त्या वर्षी अष्टमीच्या संध्याकाळी मी पायलटच्या सीटखालचा कप्पा उघडून काम करत होतो. तिथून ते दांडे जातात, ज्यांनी हेलिकॉप्टर वर-खाली होतं. एक नट ढिला होता, तो आवळला. पाठीमागे पोरं फळीवरची हत्यारं उतरवून धूत होती, गाणी लावली होती, कोणीतरी फरसाण आणलं होतं. मी कप्प्याचं झाकण लावलं, स्क्रू पिळले, खाली उतरलो आणि सवयीने फळीकडे बघितलं. फळी मोकळी होती. सगळ्याच सावल्या उघड्या होत्या. सगळ्या उघड्या असल्या की त्यातली एक कशी दिसणार? माझा पितळी बिल्लासुद्धा कोणीतरी बाकीच्या बिल्ल्यांबरोबर चिंचेने घासून पूजेच्या ताटात ठेवला होता. मी सही केली आणि फरसाण खाल्लं.

नवमीला दुपारी फोन आला. रत्नागिरीतली एक बाई, हृदयाचं दुखणं, ताबडतोब मुंबईला न्यायची. अर्ध्या तासात अॅम्ब्युलन्स फाटकातून आत आली. तिची मुलगी सलाईनची बाटली वर धरून बसली होती. पायलट आला, आत बसून सीटशेजारचा लिव्हर ओढून बघितला, हेलिकॉप्टर बाहेर काढा म्हणाला. दोघा हेल्परांनी ते बाहेर ढकललं. मी कागद त्याच्या हातात दिला. सगळं नीट चाललं होतं.

तेवढ्यात बुवा हेलिकॉप्टरच्या पुढे येऊन उभा राहिला.

‘सायब, तीन नंबरच्या पेटीतला दहाचा पाना मी धुतल्याचा मला काय आठवत नाय.’

‘असेल त्यात, बुवा. बाजूला व्हा.’

‘त्याला हळद लावल्याची पन आठवत नाय. मोजूया.’

‘मोजणार कसं? उद्यापर्यंत उचलायचं नाही हे सकाळी तुम्हीच सांगितलंत ना आम्हाला?’

‘सांगितलं मीच. पन मोजूया.’

मी त्याला समजावलं. खरं सांगायचं तर दोन वाक्यं समजावलं. मुलगी अॅम्ब्युलन्समधून ओरडत होती, ड्रायव्हर शिव्या देत होता, मुंबईच्या मॅनेजरचे फोनवर फोन येत होते. आणि मला आतून भलतीच आग लागली होती, कारण तीन नंबरची पेटी माझी होती. त्याने पाना म्हटलं नव्हतं, त्याने माझी सही म्हटलं होतं, सगळ्यांसमोर. मी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो. माझं ‘तू’ सुरू झालं की माझा हात फार लांब नसतो.

‘तू बाजूला होतोस का नाही?’

‘मोजल्याशिवाय नाय.’

पहिली मी त्याच्या डाव्या कानाखाली दिली, उघड्या पंजाने, बापासारखी. आवाज पत्र्यावरून परत आला. तो डगमगला, पण हेलिकॉप्टरच्या दाराच्या कडीला धरून उभा राहिला. दुसरी तोंडावर. दात ओठात शिरला असावा, रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. मला वाटलं आता बाजूला होईल. तो बाजूला झालाच. तो पळत हँगरमध्ये गेला, सरळ पूजेपाशी, आणि त्याने लाल कपड्याची दोन टोकं धरून सगळी पूजा खसकन ओढली.

कलश उलटा झाला. नारळ घरंगळत अॅम्ब्युलन्सच्या चाकापर्यंत गेला. झेंडू, पाने, पक्कडी, बिल्ले सगळं फरशीवर खणखणत पसरलं. जो माणूस दर वर्षी देवाला आमच्या वतीने हात जोडायचा त्यानेच देवाचं ताट उधळलं होतं. मग आम्ही त्याच्यावर तुटून पडलो.

आम्ही म्हणतोय, पण सुरुवात मी केली. मी पाठीत लाथ घातली तेव्हा तो गुडघ्यांवर पडला. मग वॉचमन आला, दोघे हेल्पर आले, अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरलाही हात धुऊन घ्यायचे होते. कोणी डोक्यात मारली, कोणी बरगडीत. मी मानेवर मारत होतो. मला बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटत होतं. सगळ्या गावाच्या बाजूने मारतोय असं वाटलं की माणसाचा हात दुखत नाही.

आणि बुवा मोजत होता. तो गुडघ्यांवर बसून झेंडूतून निळी पट्टी असलेली हत्यारं वेचत होता, कारण तीन नंबरच्या पेटीला निळी पट्टी होती. एकेक उचलून समोर ओळीत ठेवत होता आणि मोठ्याने आकडा म्हणत होता. अकरा. फटका. बारा. फटका. तेरा म्हणताना तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला. एकाही फटक्यासाठी त्याने हात वर केला नाही. हात वर केला असता तर मोजणी चुकली असती.

‘चाळीस,’ तो शेवटी म्हणाला. ‘पेटी एक्केचाळीसची हाय. एक कमी.’

मारणारे थांबले. वॉचमनने हात मागे घेतला आणि पॅन्टला पुसला. बुवाने एकाच गोष्टीला बोट लावलं, फरशीवर पडलेल्या माझ्या घासलेल्या बिल्ल्याला. मग त्याने भिंतीला पाठ लावली.

आदल्या संध्याकाळी मी तो पाना वापरला होता त्या सीटखालच्या कप्प्याचं झाकण मीच उघडलं. पाना आत होता. दांड्याच्या आणि पत्र्याच्या मधे, निळ्या पट्टीसकट, आरामात आडवा. पायलट शेजारी वाकून बघत होता. त्याने आत बसून लिव्हर हळूच वर ओढला. लिव्हर अर्धा वर आला आणि अडकला. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा अडकला. मघाशी बघितला तेव्हा मोकळा होता, म्हणाला, ढकलताना सरकला असेल. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा बापाचा पाना बरा होता.

पाना काढला, पेटी भरली, लिव्हर दहा वेळा वर-खाली केला, मी नवी सही केली आणि हेलिकॉप्टर गेलं. पायलट, ती बाई, तिची मुलगी, बरोबरचा डॉक्टर, अशी चार माणसं. बाई वाचली असं नंतर ड्रायव्हरने सांगितलं. हेलिकॉप्टर गेल्यावर तो बुवाची माफी मागायलाही गेला, पण तोवर बुवाला एका हेल्परने बाइकवर घालून सिव्हिलला नेलं होतं. कानाचा पडदा फाटला होता. डावा कान, माझी पहिली.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. आमच्या धंद्यात चूक आपणहून कळवली तर सहसा माफ होते. तसं नसतं तर कोणीच काही कळवणार नाही आणि विमानं पडत राहतील. पण पाना विसरून मी सही केली होती, आणि जो सांगत होता त्याला मारलं होतं. हे दोन्ही एका कागदावर आलं तर माझं लायसन्स गेलंच असतं आणि कंपनीचं कामही. मॅनेजर गोड बोलणारा माणूस. म्हणाला, पाना उड्डाणापूर्वीच्या तपासणीत सापडला असं लिहू, खोटं थोडंच आहे? आणि एका कामगाराने पूजेची विटंबना केली, त्यावरून मारामारी झाली, त्याचं वागणं हिंसक होतं. खाली सह्या वॉचमनची, हेल्परांची आणि माझी.

मी सही केली. फार विचार केला, रात्रभर झोपलो नाही, असं काही नाही. केली. हिंसक हा शब्द बुवाच्या नावापुढे बघून मला थोडं हसूही आलं होतं. आठवड्याने त्याला काढलं.

पुढे सहा महिन्यांनी दुसऱ्या एका हँगरमधून फोन आला. तुमच्याकडे एक माणूस होता, कान थोडा कमी आहे पण काम उत्तम दिसतं, कागदावर मात्र हिंसक लिहिलंय, खरं काय? मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, कागदावर आहे तसंच आहे. फोन ठेवल्यावर मी फळीपाशी जाऊन उभा राहिलो. सगळी हत्यारं आपापल्या सावलीवर होती. मला त्या दिवशी पहिल्यांदा माझा हात कापून टाकावासा वाटला, मारणारा नव्हे, सही करणारा. दोन्ही एकच निघाले.

पुढची नवमी आली. हँगरमध्ये नव्या माणसाने पूजा मांडली. हत्यारं मोजून, यादी करून, सगळं सुरेख. त्याने मला नारळ फोडायला सांगितला. मी नारळ तसाच ठेवला, बाइक काढली आणि देवरूखला गेलो.

बुवा घराच्या पडवीत पॉवर टिलर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो. भात कापणीला आलं होतं, तरी त्या दिवशी काम बंद होतं. पडवीत लाल कपडा, त्यावर त्याची हत्यारं. मोजकीच, वीसेक. प्रत्येकाभोवती तांदळाच्या पिठाने रेघ काढलेली, म्हणजे उचललं तर मागे आकार राहील. वर एकही फूल नव्हतं. फुलं बाजूला वेगळ्या ताटात होती.

‘या सायब,’ तो म्हणाला आणि मला आपल्या उजव्या बाजूला बसवलं. ‘हिकडं बसा, तिकडचं काय ऐकू येत नाय.’

चहा आला. मी घेतला नाही. इतका रस्ता मी मनात एक भाषण जुळवत आलो होतो, ते सगळं गेलं. मी म्हटलं, ‘बुवा, मला मारा. पाहिजे तसं मारा. मी हात वर करणार नाही.’

मला खरंच मार हवा होता. मला तेवढाच हिशोब येतो. त्याने मारलं असतं, माझंही काहीतरी फुटलं असतं, तर मी बाइकवर बसून मोकळा होऊन घरी आलो असतो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

‘आज नवमी हाय,’ तो म्हणाला. ‘आज हत्यार उचलायचं नाय.’

मी मान खाली घातली. तो उठून आत गेला आणि पोरीची वही आणि पेन घेऊन आला. माझ्यासमोर ठेवलं.

‘पेन काय मी पूजेत ठेवलेलं नाय. ह्यानं लिवा.’

‘कोणाला?’

‘ज्यांना तवा लिवलंत त्यांनाच. आन् त्यांच्या वरच्यांना. मार खाऊन तुमी मोकळे व्हाल, मी काय होनार? माज्या नावाफुडं त्यो शबुद हाय. त्यो काडा.’

मी लिहिलं. सीटखालचा कप्पा, दहाचा पाना, मोकळी फळी, सही. मी विसरलो, त्याने सांगितलं, मी मारलं. मग खोटा कागद आणि फोनवरचं वाक्य. दोन पानं झाली. हे पाठवलं की माझं लायसन्स जाणार हे मला प्रत्येक ओळीला कळत होतं. पुढे तसंच झालं. बुवाला त्या दुसऱ्या हँगरने बोलावलं, आणि मी आता बापाच्या बंदरावर लाँचींची इंजिनं उघडतो. पण ते नंतरचं. त्या दुपारी मी फक्त शेवटची ओळ लिहून सही करायला पेन खाली नेलं.

‘थांबा,’ बुवा म्हणाला. त्याने वही ओढून घेतली, चष्मा लावला, ओळीवर बोट फिरवत वाचलं. बोट एका जागी थांबलं. ‘हितं तुमी लिवलंय, मी त्याला मारलं. किती?’

‘म्हणजे?’

‘किती मारलंत? मोजल्याशिवाय सही करायची नाय.’

मला आठवेना. दोन, तीन, काय माहीत. मी कधी मोजले नव्हते. आयुष्यात कोणालाही मारताना मोजले नव्हते.

‘सगळे मिळून नऊ,’ बुवा म्हणाला. आवाज अगदी साधा होता, वॉशर मोजल्यासारखा. ‘वॉचमनचा एक, पोरांचा एकेक, ड्रायव्हरचा एक. ते जाऊंद्या, त्यांचं त्ये बगतील. तुमचे पाच.’

मी पाच लिहिलं. मग सही केली.